नान्नज : माळाच्या आधारावर उभे असलेले गाव

सोलापूरहून वैरागमार्गे बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर गेले म्हणजे नान्नज हे गाव लागते. उत्तर सोलापूर तालुक्यातील हे गाव आकाराने फार मोठे नाही. येथे नदीचा घाट नाही, किल्ला नाही, मोठी बाजारपेठही नाही. तरीही द्राक्ष पिकविणाऱ्या शेतकऱ्यांत आणि पक्ष्यांच्या अभ्यासकांत या गावाचे नाव सारख्याच आदराने घेतले जाते. द्राक्ष बागायतदार ते घेतात सोनाका आणि शरद सीडलेस या वाणांमुळे. पक्षी अभ्यासक घेतात मालढोकामुळे.

वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. परंतु गावाची जमीन, पाणी आणि इतिहास बारकाईने पाहिल्यास त्या एकाच माळाच्या दोन बाजू आहेत, हे ध्यानात येते. आपल्या गावातील माळाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी नान्नजपासून घेण्याजोगा बोध पुष्कळ आहे. म्हणून या गावाची ओळख येथे करून देत आहोत.

जमीन, पाऊस व पाणी

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. सह्याद्रीवर मेघ रिते झाल्यावर जे उरते, ते आपल्या वाट्यास येते. वर्षाकाठी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस येथे सरासरीने पडतो. पण सरासरी ही कागदावरची गोष्ट आहे. जून-जुलैत मृग आणि आर्द्रा कोरडी जावी, पिके माना टाकावीत आणि सप्टेंबरात उत्तरा-हस्ताच्या पावसाने ओढे भरून वाहावेत, असा अनुभव जुन्या शेतकऱ्यांस नेहमीचाच आहे. या परतीच्या पावसावरच रब्बी ज्वारीची मदार असते आणि म्हणून आपला जिल्हा मुख्यत्वे रब्बीचा जिल्हा ठरला.

भीमा आणि सीना या नद्यांच्या काठी खोल काळी जमीन आहे. नान्नज, मार्डी, अकोलेकाटी या बाजूस मात्र उंचवट्याचे रान अधिक. तेथे मातीचा थर वीतभर, क्वचित हातभर. त्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. हा पाषाण लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला आहे. त्यात पाणी साठते ते केवळ वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. वाळूच्या प्रदेशात जमिनीखाली पाण्याचा जसा विस्तीर्ण साठा असतो, तसा येथे नाही. माळावर जे पाणी मुरते तेच उताराने हळूहळू खालच्या विहिरींना मिळते. माळ म्हणजे गावाच्या विहिरींचे छत्र होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या माळावर मोठी झाडे विरळ. बोर, बाभूळ, हिवर आणि कोठे कोठे निंब. बाकी सारे राज्य गवताचे. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी गवते पावसाबरोबर उगवतात, भाद्रपद-आश्विनात गुडघ्याएवढी होतात आणि दिवाळीनंतर पिवळी पडून माळ सोन्यासारखा दिसू लागतो.

माळाला ‘पडीक’ कोणी ठरविले?

गावाच्या जुन्या अर्थव्यवस्थेत या माळास निश्चित स्थान होते. खोलगटातील काळ्या रानात ज्वारी, करडई व हरभरा. हलक्या रानात बाजरी, मटकी, हुलगा व तूर. आणि माळावर गुरे, शेळ्या व मेंढरे अशी ती वाटणी होती. ज्वारीच्या कडब्यावर बैलजोडी उन्हाळा काढीत असे, पण पावसाळ्याचे चार महिने तिचे पोट माळच भरीत असे. धनगर बांधवांची मेंढरे माळावर चरत आणि रात्री शेतात बसविली जात. त्यांच्या लेंडीखताने रानाचा कस टिकून राही. गवत माळावरचे, खत शेतातले आणि मोबदल्याचे धान्य धनगराच्या घरी, असा हा देवघेवीचा व्यवहार होता.

१८१८ साली पेशवाईचा अस्त होऊन हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १८३५ पासून शेजारच्या इंदापूर भागातून नव्या पद्धतीची जमीन-पाहणी सुरू झाली आणि ती क्रमाने दख्खनभर पसरली. मातीची खोली व पोत पाहून जमिनीला आणेवारी देण्यात आली. सोळा आण्यांची जमीन उत्तम. माळाच्या वाट्यास मोजके आणे आले. जेथे नांगर चालत नाही तो तुकडा ‘पोटखराबा’ म्हणून सारामाफ ठरला. सारा बसविण्याच्या दृष्टीने ही विभागणी योग्यच होती. परंतु जे साऱ्यास निरुपयोगी ते गावासही निरुपयोगी, अशी समजूत तीतून हळूहळू रूढ झाली. सात-बाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ हा शब्द आजही आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो त्याच अर्थाने घर करून बसला आहे.

१८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाने आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी या जिल्ह्याची कसोटी घेतली. १९३३ च्या सुमारास सोलापूर येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनास आरंभ झाला. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, कमी बियाणे व दोन ओळींतील वाढीव अंतर या गोष्टी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचल्या. याच जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्राने मालदांडी ३५-१ हा ज्वारीचा वाण दिला. तो आजही आपल्या रानातून हटलेला नाही. तरीही हलक्या जमिनीच्या गावांचा प्रश्न सुटला नव्हता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेलेली माणसे अशा गावांतूनच अधिक निघाली.

हलक्या रानात वेल रुजला

या परिस्थितीत द्राक्षाने मार्ग दाखविला. द्राक्षवेलीस पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी असते. काळ्या चिकण रानात मुळांशी पाणी साचून वेल आजारी पडतो; मुरमाड रानात मुळे मोकळी राहतात. आमच्याकडील कोरडी हवा केवडा व भुरी यांस इतर भागांच्या मानाने कमी अनुकूल आणि फेब्रुवारी-मार्चमधील ऊन घडात साखर भरण्यास उत्तम. ज्या जमिनीस सारा ठरविणाऱ्याने मोजके आणे दिले, त्याच जमिनीने वेलीस सोळा आणे साथ दिली.

नान्नजचे शेतकरी नानासाहेब काळे यांचे कार्य या संदर्भात आवर्जून सांगितले पाहिजे. थॉम्पसन सीडलेस या परदेशातून आलेल्या बिनबियांच्या जातीतून त्यांनी निवडीने सोनाका हा लांबट मण्यांचा वाण मिळविला. सोव्हिएत रशियातून आलेल्या किशमिश चोर्नी या काळ्या जातीतून शरद सीडलेस हा वाणही त्यांनीच निवडला. दोन्ही वाण पुढे राज्यभरच्या मांडवांवर चढले.

हे कसे घडले हे समजून घेणे प्रत्येक शेतकऱ्यास उपयोगी आहे. एकाच जातीच्या हजारो वेलींत एखाद्या वेलीच्या एखाद्या फांदीत निसर्गतःच बदल घडून येतो. तिचे मणी इतरांहून लांब असतात, किंवा रंग निराळा असतो, किंवा घड लवकर तयार होतो. बहुतेकांच्या नजरेतून हे सुटते. ज्याच्या नजरेत भरते तो त्या फांदीला खूण करतो, तिच्या काड्या वेगळ्या लावतो आणि पुढील काही हंगाम तो गुण टिकतो की नाही हे पाहतो. टिकला तर नवा वाण हाती येतो. काडीपासून केलेली लागवड मूळ वेलीचेच रूप घेते, म्हणून हा गुण पुढे सरकत राहतो. सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या आर्वे कुटुंबाने तास-ए-गणेश हा वाण अशाच निवडीने दिला. यासाठी शेतकऱ्याच्या अंगी दोन गुण लागतात : स्वतःच्या बागेत रोज फिरण्याची सवय आणि घाई न करण्याचा संयम.

द्राक्षाबरोबर गावाचे अर्थकारण पालटले. एप्रिलमधील खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची फळ छाटणी, शेंडे खुडणे, घडांची विरळणी, जिबरेलिक आम्लाची बुडवणी आणि काढणी अशी कामे वर्षभर विभागली गेली. ज्वारीची काढणी संपली की हात रिकामे, ही स्थिती राहिली नाही. ज्या मालास ताज्या फळाचा भाव मिळत नाही त्याचा बेदाणा होतो. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो आणि सावलीच्या शेडमध्ये जाळीवर तो साधारणतः दोन आठवड्यांत वाळतो. आपली कोरडी हवा येथेही कामास येते.

मात्र हा वेल पैशाबरोबर चिंताही घेऊन येतो. मांडवाचा खर्च मोठा, औषधांचा खर्च मोठा आणि काढणीच्या तोंडावर झालेल्या अवेळी पावसाची वा गारपिटीची एक रात्र वर्षाची कमाई नेऊ शकते. आणि सर्वांत मोठी चिंता पाण्याची.

माळावरचा पाहुणा

आता माळाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. मालढोक हा उंच पायांचा, तपकिरी पाठीचा व पांढऱ्या मानेचा भव्य पक्षी होय. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी जगात थोडेच. तो झाडावर बसत नाही. उघड्या माळावर चालतो, तेथेच खातो आणि तेथेच मादी जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालून जवळजवळ महिनाभर उबविते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, भुईमुगाच्या शेंगा असा त्याचा आहार. नाकतोडे टिपणारा हा पक्षी कोरडवाहू शेतकऱ्याचा मित्रच होता.

नान्नजच्या माळावर हा पक्षी पावसाळ्यात विणीसाठी येतो हे लक्षात आल्यावर १९७९ साली सोलापूर व त्यावेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून मालढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात नान्नज येथे राहून या पक्ष्याचा दीर्घ अभ्यास केला. राखलेल्या तुकड्यांत गवत वाढले, काळवीट वाढले, लांडगा व खोकड यांनाही आसरा मिळाला.

परंतु एवढ्या विस्तीर्ण क्षेत्रात केवळ माळ नव्हते. गावे होती, पिकाखालची शेते होती. जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून नव्या बांधकामापर्यंत अनेक बाबतींत शेतकऱ्यांस अडचणी आल्या. पक्ष्याचे नाव काढताच कपाळाला आठी पडावी, अशी मनःस्थिती कित्येक गावांत झाली. २०१२ साली अभयारण्याचे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर ठेवण्यात आले.

तोवर मालढोकाची संख्या घटत गेली होती. आज नान्नजच्या माळावर त्याचे दर्शन क्वचितच घडते. साऱ्या जगात हे पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत; तेथे २०१९ पासून त्यांची पैदास बंदिस्त जागेत करण्याचा प्रयत्न चालू आहे. शिकार, मोकाट कुत्री, वीजवाहक तारा अशी या ऱ्हासाची कारणे अनेक. पण एक कारण आपल्या शेतीचेही आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्वारी-तूर-भुईमुगाच्या मोकळ्या रानात मालढोक चरू शकत होता. त्या जागी तारेचे मांडव आणि उसाचे फड आले, तसे त्याचे अंगण आकसत गेले. शेतकऱ्याने गुन्हा केला असा याचा अर्थ नव्हे. प्रपंच सुधारावा ही त्याची इच्छा रास्तच होती. मात्र माळास किंमत नाही, या समजुतीपायी आपण काय खर्च करीत आहोत याचा हिशेब कोणी मांडला नाही.

पाण्याचा हिशेब

तो हिशेब आता मांडून पाहू. एक हेक्टर माळावर २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे अडीच लाख लिटर पाणी पडले. माळ उघडा-बोडका असेल तर थेंबांच्या माराने माती दबते आणि बरेचसे पाणी माती घेऊन ओढ्यास जाते. माळावर गवत असेल तर पाण्याची धाव मंदावते, मुळांच्या वाटांनी ते मुरमात उतरते. सारेच मुरत नाही. पण जे मुरते ते फुकट मुरते.

आता दुसरी बाजू पाहा. तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद तोंडाच्या, प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याच्या पाण्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर असतो. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी दिवसाला ७,२०० लिटर आणि नव्वद दिवसांत सुमारे साडेसहा लाख लिटर पाणी आकाशात जाते. ते तळे पावसाच्या पाण्याने भरले असेल तर गोष्ट निराळी. परंतु पुष्कळ ठिकाणी ते विंधण विहिरीच्या पाण्याने भरले जाते. जमिनीखाली सुरक्षित असलेले, सर्व गावाच्या मालकीचे पाणी वर काढून उन्हात ठेवण्यासारखेच हे झाले. ज्याच्याकडे तळे आहे त्याची बाग वाचते. ज्याची विहीर आटते त्याची जात नाही काय?

माळ मोडून बाग वाढविली तर पाणी पिणारी तोंडे वाढतात आणि पाणी मुरविणारी जमीन घटते. नुकसान दोन्हीकडून होते. मालढोक नाहीसा होणे ही या नुकसानीची पहिली खूण होती. आटणारी विंधण विहीर ही दुसरी.

परदेशातील एक माळ

अशाच पेचातून गेलेले एक गाव फ्रान्सच्या दक्षिणेस आहे. आर्ल शहराजवळ क्रो नावाचे गोट्यांचे विस्तीर्ण कोरडे मैदान पसरले असून सँ-मार्तँ-द-क्रो हे गाव त्यात वसले आहे. तेथेही मूळचा व्यवसाय मेंढ्यांचा आणि तेथेही मालढोकाच्याच कुळातील एक लहान पक्षी माळावर राहतो. सोळाव्या शतकात आदाम द क्रापोन याने द्युरान्स नदीचा कालवा तेथे आणला. त्या पाण्यावर तेथील लोकांनी मुख्यतः गवत पिकविले! वर्षात तीन कापण्या घेतात आणि चौथी वाढ मेंढ्यांस चरू देतात. तेथील वाळल्या गवतास १९९७ साली फ्रान्स सरकारने नामांकन दिले. लाल-पांढऱ्या दोरीने बांधलेल्या त्याच्या गासड्या शर्यतीच्या घोड्यांसाठी दूरदूर जातात. पाटाने दिलेले पाणी जमिनीत मुरून तेथील भूजलाचा मोठा हिस्सा भरून निघतो. उरलेल्या कोरड्या माळाचा एक भाग २००१ पासून राखीव असून मेंढपाळ त्यावर पूर्वीप्रमाणेच मेंढरे चारतात.

त्यांच्यासारखा कालवा आपल्या माळावर नाही. त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. परंतु गवत हेही पीक आहे आणि माळ हीही मालमत्ता आहे, ही दृष्टी मात्र उचलण्यासारखी आहे.

ग्रामपातळीवर काय करता येईल

गावाचा विकास आराखडा तयार करताना ‘पडीक जमीन’ हा रकाना भरण्यापूर्वी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्या जमिनीवर पावसाळ्याअखेरीस एकदा पायी फिरून यावे. तेथे कोणते गवत आहे, कोणाची जनावरे चरतात आणि पाणी कोणत्या विहिरींकडे उतरते, हे लिहून घ्यावे.

गवताळ माळावर सरसकट झाडे लावण्याची घाई करू नये. जेथे पूर्वीपासून गवतच नांदते तेथे दाट झाडी लावल्याने गवत मरते आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचीही जागा जाते. वृक्षलागवडीसाठी बांध, रस्त्याच्या कडा, ओढ्याचे काठ व घरांचे परसू मोकळे आहेत.

माळाचे तीन-चार भाग पाडून पाळीपाळीने चराई बंद ठेवावी. मारवेल व पवन्या यांचे बी धरून पडण्यापूर्वी त्या भागात जनावरे सोडू नयेत. कापणी फुलोऱ्याच्या सुमारास केल्यास वैरण पौष्टिक मिळते. उशीर केल्यास हाती काडीच उरते. वाळल्या माळास आग लावण्याची चाल सोडून द्यावी.

द्राक्ष बागायतदारांनी नवी बाग लावण्याआधी मार्चअखेर विहिरीत किती पाणी असते हे सलग काही वर्षांच्या नोंदीवरून पाहावे आणि त्या हिशेबाने क्षेत्र ठरवावे. ठिबक संचाबरोबर वेलीच्या बुडाशी पाचटाचे आच्छादन द्यावे. पाण्याचा ताण व क्षार सोसणारा डॉगरीज खुंट वापरावा. शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्यानेच भरण्याचा संकल्प ग्रामसभेत सर्वांनी मिळून करावा. काळविटांनी पिकाचे वा लांडग्याने शेळ्या-मेंढ्यांचे नुकसान केल्यास वन विभागाकडे विनाविलंब अर्ज करून भरपाई मागावी. हा हक्क वेळेवर मिळाला तर वन्य प्राण्यांविषयीचा राग पुष्कळ अंशी निवळतो.

समारोप

एका वेलीवरील निराळी काडी नान्नजच्या एका शेतकऱ्याने नीट पाहिली, तिचे मोल ओळखले आणि राज्यातील हजारो कुटुंबांचा त्यात लाभ झाला. तीच नजर आता माळाकडे वळविण्याची वेळ आली आहे. मालढोक त्या माळावर पुन्हा परत येईल किंवा येणार नाही. ते सर्वस्वी आपल्या हाती राहिलेले नाही. परंतु तो ज्या गवतावर जगला त्या गवतावरच आपल्या विहिरी आणि आपल्या बागा उभ्या आहेत. ते गवत राखणे आपल्या हाती आहे. येत्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या गावचा माळ एकदा चालून पाहावा, ही प्रत्येक वाचकास विनंती.